ड्रॅगनच्या मागचं काळं

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. मागे ऐकू येतंय ना? माईक थोडा खाली घ्या, मी बुटकी आहे.

आधी एक कबुली घेते. ‘याकुझा’ हा शब्द ऐकायला मिळेल म्हणून किती जण आलेत? हात वर करा, लाजू नका. बरेच आहेत. त्यांचं काम लवकर उरकून टाकू. हो, जपानमधल्या गुन्हेगारी टोळ्यांतली माणसं अंगभर गोंदवून घेत आली आहेत. त्यामुळे तिथल्या कितीतरी सार्वजनिक न्हाणीघरांच्या आणि गरम पाण्याच्या कुंडांच्या दारावर ‘गोंदलेल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते. सिनेमांनी उरलंसुरलं काम केलं. झालं. आता पाठ कुणाची हा प्रश्न बाजूला ठेवू. मला त्या पाठीवर वाकलेल्या माणसाबद्दल बोलायचंय.

मी टॅटूवाली नाही. माझ्या अंगावर एक ठिपकाही नाही. मी मुद्राचित्रण शिकवते, म्हणजे लाकडावर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची, कागदावर ठसा घ्यायचा. जपानी लाकूडठशांच्या मागे मागे जाताना मी या विषयात येऊन पडले, आणि ते अपघाताने झालं नाही. जपानी भाषेत कोरणं म्हणजे ‘होरु’. लाकडाचा ठसा कोरणारा तो ‘होरिशी’ आणि कातडीवर चित्र काढणाराही ‘होरिशी’. हाताने गोंदण्याला ‘तेबोरी’ म्हणतात, हाताचं कोरीवकाम. ज्या दांड्याला सुया बांधतात त्याचं नाव ‘नोमी’, आणि नोमी म्हणजे सुताराची छिन्नी. आपण गोंदतो, ते कोरतात. हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आपल्याकडे ‘इरेझुमी’ हा शब्द बऱ्यापैकी माहीत झालाय. त्याचा अर्थ शाई आत घालणं. पण जुन्या कारागिरांना तो फारसा आवडत नाही, ते ‘होरिमोनो’ म्हणतात, कोरलेली वस्तू. नावडीचं कारण 1720 सालात आहे. शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी सत्ताधीश, योशिमुनेच्या राजवटीत नाक-कान कापण्याच्या शिक्षेऐवजी गुन्हेगारांना गोंदायला सुरुवात झाली. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हातावर कोपराखाली कडं काढल्यासारख्या दोन पट्ट्या. इतर प्रांतांत वेगळ्या खुणा. एका भागात तर कपाळावर ‘कुत्रा’ या अर्थाचं अक्षर हप्त्याहप्त्याने पुरं करत: पहिल्या गुन्ह्याला एक फराटा, दुसऱ्याला दुसरा. ते इरेझुमी. त्यात कला नव्हती, नोंदवही होती.

गंमत अशी की त्याच सुमारास एदो शहरात आग विझवणाऱ्यांची पथकंही उभी राहिली. लाकूड आणि कागदाचं शहर ते, सारखं पेटायचं. आग विझवणारे म्हणजे मुळात उंच बांबूंवर चढून इमारती बांधणारे गडी. आग पसरू नये म्हणून शेजारची घरं पाडायची हे त्यांचं मुख्य काम. या गड्यांच्या पाठीवर पुढे ड्रॅगन आले. जपानी ड्रॅगन तोंडातून आग ओकत नाही, तो पाण्याचा आणि पावसाचा मालक. आगीत शिरणाऱ्याने पाठीवर पाऊस घेऊन जायचं. काही जण जाड सुती कोटाच्या आतल्या बाजूलाही तसंच चित्र काढून घ्यायचे आणि आग विझली की कोट उलटा घालून मिरवायचे.

मग 1827 साल. उतागावा कुनियोशी नावाचा चित्रकार, रेशीम रंगवणाऱ्याचा मुलगा, तोवर फारसं नाव नसलेला. त्याने ‘सुइकोदेन’ या मूळ चिनी कथेतल्या एकशेआठ बंडखोर वीरांची चित्रमाला सुरू केली. मूळ कथेत मोजक्याच वीरांच्या अंगावर गोंदण आहे. कुनियोशीने आणखी कितीतरी जणांना गोंदवून टाकलं: पाठभर ड्रॅगन, खांद्यावरून उतरणाऱ्या लाटा, मांडीपर्यंत फुलं. ठसे हातोहात खपले. आणि शहरातले हमाल, सुतार, भोई, आग विझवणारे ही चित्रं घेऊन गोंदणाऱ्याकडे जाऊ लागले: हे माझ्या पाठीवर काढ.

इथे माझ्यासारखीची गाडी अडकते. कागदावरचं चित्र पाठीवर ‘उतरवणं’ ही सोपी गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. मलाही वाटत होतं.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीतून योकोहामात एका होरिशीचं काम बघायला मिळालं. नाव सांगणार नाही, त्यांनीच तशी अट घातली होती. वरच्या मजल्यावरची छोटी खोली, जमिनीवर तातामीच्या चटया, त्यावर प्लॅस्टिक. गिऱ्हाईक पोटावर पालथं, कपाळाखाली दुमडलेला टॉवेल. होरिशी त्याच्या कमरेशी मांडी घालून बसलेले. मी उजव्या हाताकडे बघत होते, सगळे तिकडेच बघतात, कारण सुया त्या हातात असतात. पण जरा वेळाने लक्षात आलं की खरा उद्योग डाव्या हाताचा आहे.

डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कातडी ताणून धरतात. चादरीची सुरकुती काढताना आपण दोन बोटं फाकवतो ना, तसं. त्याच हाताच्या शेवटच्या बोटांमध्ये शाईत भिजवलेला कुंचला. नोमीचा दांडा टेकलेला त्याच हाताच्या अंगठ्यावर. म्हणजे एकच हात कातडी ताणतो, शाईची दौत सांभाळतो आणि उजव्या हाताला टेकू देतो. उजवा हात सुयांची टोकं त्या कुंचल्याला पुसून घेतो आणि सुया तिरक्या आत सारतो, आणि बाहेर काढताना किंचित वर हिसका देतो. या हिसक्याला ‘हाने’ म्हणतात. सरळ खुपसण्याची पद्धतही आहे, ती ‘त्सुकी’. हिसका दिला की कातडी सुयांना सोडताना एक आवाज करते. ‘शाक्, शाक्, शाक्’. आपल्याकडे कोवळी काकडी खिसताना येतो त्याच्या जवळपासचा. कारागीर या आवाजाला ‘शाक्की’ म्हणतात. आवाज एकसारखा आला तर सुया बरोबर खोलीवर जातायत. बोदा आला तर कातडी सैल आहे.

आवाज कशाला ऐकायचा, डोळ्यांनी दिसत नाही का? नाही दिसत. पाच-दहा टोचे झाले की ती जागा शाईने काळी होते, वर थोडं रक्त. पुसेपर्यंत खाली काय झालंय ते कळत नाही, आणि दर टोच्याला पुसत बसलं तर काम कधी संपणार? शिवाय पुसल्यावर दिसतं तेही खरं नसतं. कातडी सुजलेली, लाल झालेली. खपली पडून जखम भरली की महिन्याभराने खरी छटा दिसते. लाकडावर मी एक फटकारा मारला की तो चुकला की बरोबर हे मला त्याच क्षणी कळतं. होरिशीला आजच्या कामाचा निकाल पुढच्या महिन्यात मिळतो.

खोलीचं गणितही सांगते. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि तो सतत झडून नवा होतो. शाई तिथेच राहिली तर काही आठवड्यांत खपलीबरोबर गळून जाते. ती खालच्या थरात पोचली पाहिजे, पण फार खालीही नको. तिथे ती पसरते आणि रेषेच्या कडेला निळसर धुकं धरतं, ते आयुष्यभर राहतं. म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचा खेळ. त्यात बरगडीवरची कातडी पातळ, कुल्ल्यावरची जाड, काखेतली लवलवीत. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनाही ती सारखी नसते. आणि खाली पडलेला माणूस श्वास घेतोय.

खालच्या थरात शाई टिकते कशी? आपल्या शरीरातल्या सफाई कामगार पेशी ते कण परके समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की शाई सुटते आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा गिळते. म्हणजे चित्र जागच्या जागी राहतं आणि ते धरून ठेवणारे हात बदलत राहतात. मला हे कळलं तेव्हा मी दिवसभर खूश होते, का ते माहीत नाही.

घरी आल्यावर मी एक मूर्खपणा केला. चॉपस्टिकच्या टोकाला शिवणकामाच्या सात सुया रेशमी दोऱ्याने बांधल्या आणि दुधीभोपळ्यावर बसले. साध्या काळ्यापासून फिक्या करड्यापर्यंत एक इंचाची छटा काढायची, बस. तासाभराने भोपळ्याला गोवर आल्यासारखं दिसत होतं. आणि भोपळा श्वासही घेत नव्हता.

ही जी छटा मला जमली नाही, तिथेच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. तिला ‘बोकाशी’ म्हणतात. ठसा छापणाऱ्यांचाही हाच शब्द: आभाळ वर गडद निळं आणि क्षितिजाकडे विरत गेलेलं, ते बोकाशी. छापणारा लाकडावर ओला कुंचला फिरवून ते मिळवतो. कातडीवर प्रत्येक छटा टोच्यांची बनलेली. सुयांची संख्या इथे वाढते. रेषेला मोजक्या सुया लागतात, बोकाशीला दोन-तीन ओळींत बांधलेल्या कितीतरी जास्त. शाई किती पातळ केलीय, टोचे किती दाट पडतायत, सुयांवर शाई किती उरलीय, हे तिन्ही एकाच वेळी सांभाळायचं. भरलेल्या सुया गडद कडेला लावायच्या आणि शाई सरत जाईल तसं फिक्याकडे सरकायचं. पुन्हा बुडवायचं, पुन्हा कडेपासून. त्याच जागेवर दोन वेळा फार रेटलं तर कातडी चिडते, वळ राहतो. यंत्राची सुई सेकंदाला शंभरएक वेळा वरखाली होते. 1891 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून तिचं पेटंट निघालं. हाताचा वेग सेकंदाला दोन-तीन टोचे. रेषा काढायला यंत्र चांगलं, आज बहुतेक जपानी कारागीरही रेषा यंत्रानेच काढतात आणि त्यात मला काही पाप दिसत नाही. पण बोकाशी हाताने करतात, कारण प्रत्येक टोचा वेगळा ठेवता येतो.

शाई कुठली? ‘सुमी’. तेलाची काजळी आणि सरस यांची वडी, दगडावर पाण्यात उगाळायची, आपण चंदन उगाळतो तशी. नारा शहराची सुमी प्रसिद्ध. ती आत जाताना काळी असते आणि बरी झाल्यावर निळसर-हिरवट दिसते. लाल प्रकाश खोल जाऊन काळ्या कणांत मुरतो, निळा मात्र वरच्या कातडीतच विखुरून परत येतो. तुमच्यातल्या ज्यांच्या आजीच्या हातावर तुळस किंवा गालावर ठिपका होता त्यांना हे नवीन नाही. जत्रेतल्या गोंदणारणीनेही काजळीच घातली होती. हिरवा रंग कोणी घातला नव्हता, आपण मात्र लहानपणापासून ‘हिरवं गोंदण’ म्हणत आलो.

लाल रंग पूर्वी हिंगुळाचा असायचा, म्हणजे पाऱ्याचा. फार भरला तर माणसाला ताप यायचा, म्हणून लाल थोडा थोडा घालत. म्हणजे आधीपासूनच काळ्याचा संसार मोठा आणि लाल पाहुणा.

आता मुद्द्यावर येते. अंगभर केलेलं जपानी काम बघताना आपण काय बघतो? ड्रॅगन. मासा. वीर. मुखवटा. आणि मागे? मागे लाटा आहेत, ढग आहेत, वाऱ्याचे काळे पट्टे आहेत, खडक आहेत. या सगळ्याला ‘गाकू’ म्हणतात, चित्राची चौकट असा त्याचा अर्थ. माझं मत असं, आणि ते पटलं नाही तर नंतर भांडा, की होरिशीची पारख ड्रॅगनवर करूच नये, गाकूवर करावी. ड्रॅगन कुनियोशीकडून उसना घेता येतो. गाकू उसना मिळत नाही, कारण तो त्या एका शरीरासाठीच रचावा लागतो.

का ते सांगते. कागद सपाट असतो. पाठ सपाट नाही. तिला खांद्याची पाती आहेत, मध्ये पन्हळ आहे, खाली कुल्ले आहेत. पाठीचं चित्र मानेखालून सुरू होऊन मांडीपर्यंत येतं. खालच्या लाटा कुल्ल्यांच्या गोलाईवर येतात, माणूस चालला की लाटा चालतात. हात खाली सोडला तर दंडावरचा ढग छातीवरच्या ढगाला जोडला गेला पाहिजे, आणि हात वर केला तर काखेत भगदाड दिसता कामा नये. कोपराभोवती वाऱ्याचे पट्टे वळवायचे. म्हणून चांगला होरिशी माणसाला आधी उभं करतो, वाकवतो, फिरवतो. पाश्चात्त्य पद्धतीत पूर्वी हातावर एक नांगर, खाली एक गुलाब, बाजूला आईचं नाव असं वहीवर स्टिकर लावल्यासारखं असायचं. जपानी रचनेत सगळं अंग मिळून एक चित्र असतं आणि त्याला जोडणारं काम हे काळं करतं. मागे नुसतं रिकामं ठेवून एकच आकृती काढण्याचीही पद्धत आहे, ‘नुकीबोरी’. तिच्यातही मोठी कामं झालीयत, पण तिथे चूक लपते.

आणि हे काळं संपतं कुठे? याला ते ‘मिकिरी’ म्हणतात, आणि मला या सगळ्या विद्येतला हा सगळ्यात देखणा भाग वाटतो. छातीवर, दंडावर, मांडीवर गाकू थांबतो ती कड. ती कशीही थांबवत नाहीत. ‘बोतान मिकिरी’, शेवंतीसारख्या भरगच्च बोतान फुलाच्या पाकळ्यांची गोल गोल कड. ‘मात्सुबा मिकिरी’, पाइनच्या सुयांसारखी टोकदार. ‘बुक्किरी’, सुरीने कापल्यासारखी सरळ. आणि ‘आकेबोनो मिकिरी’. आकेबोनो म्हणजे पहाट. काळं हळूहळू कातडीत विरून जातं, कुठे संपलं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. अंगभर काम असलं तरी बऱ्याचदा छातीपासून पोटापर्यंत मधोमध एक उघडी पट्टी सोडतात, ‘मुनेवारी’. समोरून उघडा आखूड कोट घातला की अंग कोरं वाटावं. बाह्याही मोजून: पाच दशांश, सात दशांश, म्हणजे बाही कुठवर, मनगटाच्या किती वर. होरिशी गिऱ्हाइकाचं अंगच काय, त्याचे कपडेही डोक्यात धरून काढतो.

आणखी एक शिस्त आहे, ऋतूंची. मेपलची पानं पाण्यात पडलीयत म्हणजे शरद, मग त्या पाण्यात कोई मासा चालेल, पण वर चेरीचा बहर नको, तो वसंतातला. सिंह आला की बोतान फूल आलंच, वाघाला बांबू. जुन्या वळणाचा कारागीर ही जोडी मोडायला तयार होत नाही. आपल्याला हे सहज कळावं. समजा कुणी चित्रात गौरीचा तेरडा आणि होळीचा पळस शेजारी शेजारी फुलवला, तर तुमची आई काय म्हणेल? तेच होरिशी म्हणतो, जरा कमी शब्दांत.

गर्वाचीही एक जागा आहे: ‘निजूबोरी’, दुहेरी गोंदण. पाठीवर सुइकोदेनचा वीर काढायचा, आणि त्या वीराच्या पाठीवर त्याचं स्वतःचं गोंदण. म्हणजे पाठीवर पाठ, त्यावर नऊ ड्रॅगन. आतल्या ड्रॅगनची रेषा बाहेरच्यापेक्षा बारीक हवी, छटा फिकी हवी, नाहीतर वीराचं अंग हरवतं आणि नुसता गुंता उरतो. आणि ती बारीक रेषा तीस वर्षांनी जाड होणार आहे, कारण सगळ्याच होतात. ते धरून आज मोकळी जागा सोडायची.

योकोहामातल्या त्या गिऱ्हाइकाच्या पाठीवर ‘फुदो म्यो-ओ’ चालू होता. हातात तलवार आणि दोर, मागे ज्वाळा. हा आपला अचलनाथ, बौद्ध तंत्रमार्गातून चीनमार्गे तिकडे गेलेला. त्याच्या मागच्या ज्वाळांना जपानीत ‘कारुरा’च्या ज्वाळा म्हणतात, कारुरा म्हणजे गरुड. खांद्याच्या पात्यावर एका वर्तुळात एक अक्षर होतं. मी वाकून बघितलं, तिथल्या लोकांना वाटलं मला चक्कर आली. ते सिद्धं लिपीतलं बीजाक्षर होतं. सिद्धं म्हणजे आपल्या देवनागरीची चुलतबहीण. जपानी लोक त्याचा उच्चार ‘कान्’ करतात. मूळ अक्षर ‘हां’, अनुस्वारासकट. होरिशींना त्याचा उच्चार आपल्याकडे कसा होतो ते सांगितलं, तर त्यांनी मान हलवली आणि अनुस्वाराच्या टिंबाकडे बोट दाखवलं. ते टिंब त्यांनी कोरं ठेवलं होतं. भोवतीचं सगळं काळं भरून टिंब तेवढं कातडीचं. एवढ्याशा टिंबाला कड देणं म्हणजे काय असतं ते भोपळ्याने मला पुढे शिकवलं.

हे सगळं शिकतात कसं, तर आपल्या जुन्या उस्तादांकडे शिकायचे तसंच. शिष्य म्हणजे ‘देशी’, तोही गुरूच्या घरात राहणारा. झाडलोट, स्वयंपाक, बाजार. सुमी उगाळणं. सुया बांधणं, आणि हे काम क्षुल्लक नाही, एक सुई केसभर पुढे आली तर ती एकटीच खोल जाते. अनेक वर्षं नुसतं रेखाटन आणि गुरूच्या शेजारी बसून बघणं. पहिली कातडी स्वतःची, मांडी आणि पोटरी, जिथवर हात पोचतो तिथवर. गुरूचं समाधान झालं की नाव मिळतं, सुरुवातीला ‘होरि’ लावून. घराण्याचं नाव असेल तर पहिला, दुसरा, तिसरा.

तिसरे होरियोशी हे आजचं सगळ्यात ठाऊक नाव. जन्म 1946, शिझुओका भागातला. लहानपणी सार्वजनिक न्हाणीघरात एका माणसाचं पूर्ण गोंदलेलं अंग बघितलं आणि तिथेच अडकले. योकोहामाच्या पहिल्या होरियोशींकडे 1971 मध्ये, पंचविसाव्या वर्षी शिष्य म्हणून लागले. नंतर योकोहामातच 2000 मध्ये त्यांनी या विद्येचं छोटं संग्रहालय काढलं. अमेरिकेचा गोंदणकार डॉन एड हार्डीही याच ओढीने 1973 मध्ये गिफू शहरात होरिहिदेंकडे शिकायला गेला होता. तिकडच्या स्टिकरवाल्या पद्धतीला पाठभर एक चित्र करायची सवय लागली, त्यात त्याचा मोठा हात आहे.

सरकारशी यांचं कधी जमलं नाही, तेही थोडक्यात सांगते. 1872 मध्ये मेइजी सरकारने, म्हणजे शोगुनांनंतर आलेल्या सम्राटाच्या सरकारने, गोंदणावर बंदी घातली, परदेशी लोकांना आपण रानटी दिसू म्हणून. आणि ते परदेशी काय करत होते? 1881 मध्ये इंग्लंडचा राजपुत्र जॉर्ज, पुढचा पाचवा जॉर्ज, जपानमध्ये हातावर ड्रॅगन काढून घेत होता. 1891 मध्ये रशियाचा युवराज निकोलस नागासाकीत तेच. परदेशी गिऱ्हाइकाकडे सरकारने काणाडोळा केला आणि जपानी माणूस लपूनछपून गेला. बंदी उठली 1948 मध्ये, अमेरिकी अमलाखाली. मग 2001 मध्ये आरोग्य मंत्रालयाने म्हटलं की कातडीत सुईने रंग घालणं हे डॉक्टरचं काम. ओसाकाकडच्या एका तरुण गोंदणकाराला वैद्यकीय परवाना नाही म्हणून 2015 मध्ये दंड झाला, तो भरायला त्याने नकार दिला. खालच्या कोर्टात हरला, 2018 मध्ये वरच्या कोर्टात जिंकला, आणि सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोंदण हे वैद्यकीय कृत्य नाही. त्यासाठी डॉक्टर व्हावं लागलं असतं तर बोकाशी शिकायला वेळ कधी मिळाला असता, हा माझा प्रश्न.

एक शेवटची गोष्ट. माणूस जातो आणि चित्र त्याच्याबरोबर जातं. माझे ठसे निदान कपाटात राहतील. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फुकुशी मासाइची नावाच्या विकृतिशास्त्राच्या डॉक्टरांना हे सहन झालं नाही. ते गोंदलेल्या माणसांना भेटत, पैसे नसल्याने ज्यांचं काम अर्धं राहिलंय त्यांना पुरं करायला मदत करत, आणि संमतीने, मृत्यूनंतर ती कातडी जतन करत. टोकियो विद्यापीठात असा शंभरावर कातड्यांचा संग्रह आहे. मी त्यांची छायाचित्रं बघितली. चौकटीत ताणून, सपाट. रेषा आहेत, रंग आहेत, वीर ओळखू येतो. पण लाटा मेलेल्या आहेत. कुल्ल्यावरून वळायची लाट सपाट झाल्यावर नुसती नक्षी होते, आणि काखेला मिळणारे ढग दोन बाजूंना फाटलेले दिसतात. नको तिथून कातरलेल्या शर्टासारखे.

योकोहामात त्या दिवशी काम संपलं तेव्हा गिऱ्हाईक चक्क झोपलेलं होतं. होरिशींनी खांद्यावर दोनदा थोपटलं. तो उठून बसला, दोन्ही हात वर करून मोठा आळस दिला, आणि अचलनाथाच्या मागच्या ज्वाळा सगळ्याच्या सगळ्या एकदम वर सरकल्या. होरिशी मान तिरकी करून काखेकडे बघत होते.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यांतले दोन.)

दुखतं का? हो. बरगड्या, काख, गुडघ्याची मागची बाजू, कुणीही सांगेल. या विद्येला एक जुना शब्द ‘गामान’ आहे, म्हणजे निमूट सहन करणं. हाताचं काम यंत्रापेक्षा कमी दुखतं असं करून घेणारे बरेच जण म्हणतात. पाठ पुरी व्हायला आठवड्याला तास-दोन तास बसून वर्ष सहज जातं. सगळेच तिथवर पोचत नाहीत. रेषा झाल्या, छटा राहिल्या, पैसे संपले किंवा हिंमत संपली, त्याला ‘हाम्पाबोरी’ म्हणतात. अर्धवट राहिलेलं. ड्रॅगन आहे, मागे काही नाही. बघितल्यावर लगेच कळतं.

आणि त्या मागच्या रांगेतल्या बाईंनी विचारलंय, भोपळ्याचं काय झालं. नवरा विचारत होता, भाजीत घालू का. मी नको म्हटलं. आठवडाभर खिडकीत ठेवला आणि रोज बघितला. सुकत गेला तशी माझी ती एक इंचाची छटा, खोटं नाही सांगत, जराशी बरी दिसायला लागली होती. मग चिलटं झाली, टाकून दिला.